हाताबाहेरची झडप : ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा आणि तिच्यावरचे कुलूप

#थ्रेड

ऑक्टोबर १८२९. इंग्लंडमधील रेनहिल येथे लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांनी वाफेच्या इंजिनांची स्पर्धा भरवली. बक्षीस ५०० पौंडांचे. स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ने ते पटकावले, ही कथा सर्वश्रुत आहे. स्पर्धेच्या नियमांतील एक अट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक इंजिनाच्या बॉयलरला दोन सुरक्षा झडपा असाव्यात आणि त्यांपैकी एक चालकाच्या हाताला मुळीच लागता कामा नये, अशी ती अट होती.

अट निष्कारण घातलेली नव्हती. झडप दाबून धरली की वाफ कोंडते, दाब चढतो आणि इंजिन जोर धरते, हे त्या काळच्या प्रत्येक चालकाला ठाऊक होते. पुढे दोनच वर्षांनी, १७ जून १८३१ रोजी, अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्स्टन' या इंजिनाचा बॉयलर फुटला. सुटणाऱ्या वाफेचा आवाज असह्य झाल्याने फायरमनने झडपच बंद करून ठेवली होती, असे सांगतात. त्यात त्याचा जीव गेला.

झडपेचा इतिहास याहून जुना आहे. डेनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले वाफेचे भांडे मांडले. वजनाने दाबून धरलेली झडप हीच त्या भांड्याच्या नंतरच्या रूपाची खूण. आज घरोघरी शिट्टी देणारा कुकर त्याच भांड्याचा वंशज होय. कुकरला शिट्टीखेरीज एक दुसरी झडपही असते, ती ठरावीक तापमानाला वितळते आणि तिच्याशी खेळण्याची सोय स्वयंपाक करणाऱ्याला ठेवलेली नसते. रेनहिलची अट स्वयंपाकघरापर्यंत अशी पोहोचलेली आहे.

ही सारी प्रस्तावना एका हिरव्या-काळ्या पट्टीसाठी. गेली पंधराएक वर्षे ग्राफिक्स कार्डाच्या मालकांत आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांत नेमका हाच वाद चालू आहे. वीजमर्यादा नावाची झडप कुणाच्या हाती असावी? कार्डाच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करून ती मर्यादा उचलणारे लोक झडप बांधून ठेवणाऱ्या फायरमनचे वारस आहेत की काय? कंपन्यांचे उत्तर 'होय' असे आहे. इतिहासाचे उत्तर इतके सोपे नाही.

आधी यंत्र समजून घेणे इष्ट. कार्डात वीज जिथून शिरते तिथे अत्यल्प रोधाचे छोटे रोधक बसवलेले असतात; त्यांना 'शंट' म्हणतात. त्यांतून प्रवाह गेला की त्यांच्या दोन टोकांमध्ये किंचित विद्युतदाब पडतो. एक लहानशी चिप तो मोजते आणि त्यावरून कार्ड किती वॅट खात आहे याचा हिशेब लागतो. फर्मवेअरमधील एका तक्त्यात कमाल आकडा लिहून ठेवलेला असतो. हिशेब त्या आकड्याला भिडला की चिपचा वेग पायरीपायरीने खाली उतरवला जातो. यालाच पॉवर थ्रॉटलिंग म्हणतात. तापमान ठीक, पंखा निवांत, तरीही खेळ मध्येच जड होतो आणि बिचारा मालक धूळ झटकत बसतो. दोष धुळीत नसून तक्त्यातील आकड्यात असतो.

हा तक्ता आकाशातून पडला नाही. २००८ साली 'फरमार्क' नावाचा चाचणी कार्यक्रम कार्डांना इतके तापवू लागला की एएमडीने आपल्या ड्रायव्हरमध्ये त्या कार्यक्रमाला नावाने ओळखून वेग कमी करण्याची तजवीज केली. लोकांनी फाइलचे नाव बदलले आणि बंदोबस्त संपला! नावाची पाटी बदलताच चौकीवरचा शिपाई ओळख विसरावा, तसलाच हा प्रकार. कंपन्या अशा कार्यक्रमांना 'पॉवर व्हायरस' म्हणू लागल्या. वस्तुतः तो कार्यक्रम कार्डाला त्याचेच काम सांगत होता.

नोव्हेंबर २०१० मध्ये एनव्हिडियाच्या जीटीएक्स ५८० वर वीज प्रत्यक्ष मोजणारी यंत्रणा आली. पुढच्याच महिन्यात एएमडीने एचडी ६९०० मालिकेत 'पॉवरट्यून' आणले. मार्च २०११ मध्ये जीटीएक्स ५९० बाजारात उतरले तेव्हा परीक्षणासाठी मिळालेली काही कार्डे विद्युतदाब वाढवताच जळाली. आणि मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० बरोबर 'जीपीयू बूस्ट' अवतरले. तेव्हापासून कार्डाचा वेग हा ठाम आकडा उरला नाही. उरलेल्या वीजमर्यादेत मावेल तेवढे वर चढायचे आणि मर्यादा आली की सुमारे १३ मेगाहर्ट्झच्या एकेका पायरीने उतरायचे, असा त्याचा स्वभाव झाला. वीजमर्यादा ही आणीबाणीची झडप होती, ती रोजचा लगाम झाली. या वादातील खरे वळण हेच.

कारण झडप आणि लगाम यांत मूलभूत भेद आहे. झडप फुटण्याच्या बिंदूजवळ असते. लगाम कुठे असावा हे स्वार ठरवतो. सप्टेंबर २०१४ मधील जीटीएक्स ९७० चे उदाहरण बोलके आहे. मूळ रचनेनुसार त्याची मर्यादा १४५ वॅट. मदरबोर्डच्या खाचेतून मानकाप्रमाणे ७५ वॅट मिळतात आणि सहा पिनांच्या प्रत्येक जोडणीतून आणखी ७५. दोन जोडण्या धरल्या तर एकूण २२५ वॅटचा राजमार्ग उपलब्ध. म्हणजे मानकाने मान्य केलेली वाट आणि फर्मवेअरने घातलेला बांध यांत ८० वॅटांचे अंतर होते. त्यातील काही भाग सावधगिरीचा, काही उष्णतेचा, काही कार्यक्षमतेच्या जाहिरातीचा आणि काही, स्पष्टच बोलायचे तर, वरच्या किमतीच्या जीटीएक्स ९८० ला जागा राखण्याचा असावा.

त्या काळी मालकाजवळ उपाय होता. कार्डावरील छोट्या स्मृतिचिपमधून फर्मवेअरची प्रत काढायची, 'मॅक्सवेल बायोस ट्वीकर'सारख्या साधनात उघडायची, वीजतक्त्यातील मिलिवॅटचे आकडे बदलायचे आणि प्रत परत लिहायची. यालाच फ्लॅश करणे म्हणतात. लिहिताना वीज गेली तर कार्ड मुके होते. मग संगणक दुसऱ्या कार्डाच्या आधारे चालू करून मूळ प्रत पुन्हा लिहायची. मूळ प्रत जपून न ठेवता फ्लॅश करणाऱ्याला या पंथात मूर्ख समजले जाई, आणि ते योग्यच होते.

इथे दोन शब्दांतला फरक इतिहासप्रेमींनी ध्यानात घ्यावा. फर्मवेअरच्या प्रतीत 'चेकसम' असते. सर्व बाइटांची बेरीज ठरावीक उत्तर देते का, एवढेच ती पाहते. जमाखर्चाच्या पानाखाली लिहिलेल्या बेरजेसारखी ती आहे. चूक सापडावी म्हणून असते, आणि आकडा बदलला तर बेरीजही नव्याने मांडता येते. 'डिजिटल स्वाक्षरी' ही निराळी चीज. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी ओळ घातली तर ती खोटी, असे मोर्तब सांगे. डिजिटल स्वाक्षरी हे कंपनीचे मोर्तब होय. ते उमटवण्याची गुप्त किल्ली कंपनीजवळच असते.

मॅक्सवेलच्या काळात मोर्तबाची तपासणी मुख्यतः फ्लॅश करणाऱ्या साधनात होती आणि ती टाळणाऱ्या आवृत्त्या हातोहात फिरत होत्या. मे २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० सह पास्कल पिढी आली आणि पहारा थेट चिपच्या आत गेला. एक आकडा जरी बदलला तरी चिप ते फर्मवेअर स्वीकारीना. तक्ता संपादण्याची कला त्या दिवशी एनव्हिडियाच्या नव्या कार्डांपुरती संपली.

एएमडीच्या अंगणात खेळ जरा अधिक काळ रंगला. २०१० च्या अखेरीस एचडी ६९५० वर दोन फर्मवेअर आणि त्यांत निवड करणारी कळ होती. लोकांनी त्यावर एचडी ६९७० चे फर्मवेअर चढवून १४०८ ऐवजी १५३६ गणकघटक जागे केले. २०१७ मध्ये वेगा ५६ वर वेगा ६४ चे फर्मवेअर घालून वीजमर्यादा आणि स्मृतीचा विद्युतदाब दोन्ही वाढवले जात. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० वर ५७०० एक्सटीचे. एकाच मातीचे दोन गडी, एकाला कमी शिधा. शिधापत्रिका बदलली की दोघे जवळपास सारखेच धावत. यातून सुरक्षेबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही, पण बाजारपेठेबद्दल पुष्कळ सिद्ध होते.

कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ती दुबळी नाही. जळालेल्या कार्डावर मूळ फर्मवेअर पुन्हा चढवून ते हमीखाली परत पाठवणारे महाभाग होतेच, आणि त्यांच्या चलाखीचा भुर्दंड अखेर सर्व ग्राहकांवर पडतो. दुसरा मुद्दा त्याहून गंभीर. जुन्या, मंद कार्डाच्या फर्मवेअरमध्ये नव्या कार्डाचे नाव लिहून ते विकण्याचा धंदा जगभर चालला. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून घेतलेले कार्ड प्रत्यक्षात कित्येक वर्षे जुने निघे. २०१८ मध्ये 'जीपीयू-झेड' या माहितीदर्शक कार्यक्रमाला अशी बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखण्याची सोय मुद्दाम करावी लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुने कार्ड घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोर्तब हे संरक्षणही आहे. हे नाकारून मुक्त फेरफाराचा पुकारा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

पण मग त्याच कुलपाने आणखी कशाकशाचे रक्षण केले, तेही पाहावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने आरएक्स तत्सम प्रतिस्पर्ध्यांपुढे आपले आरटीएक्स ३०६० आणले आणि त्यात इथेरियम खणण्याचा वेग निम्म्यावर आणणारी मर्यादा घातली. ड्रायव्हर, चिप आणि फर्मवेअर यांच्यात परस्पर ओळख पटवणारा हस्तांदोलनाचा करार आहे, तो मोडता येणार नाही, असा दिलासा दिला गेला. पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने ती मर्यादा चुकून उघडी केली! वर्षभराने 'लॅप्सस' टोळीने कंपनीच्या संगणकांत शिरकाव केला आणि मर्यादा काढून टाका अशी मागणी केली. त्या चोरीत बाहेर पडलेली स्वाक्षरीची प्रमाणपत्रे पुढे घातक प्रोग्रॅमवर शिक्का मारायला वापरली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खाणकाम सोडले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने मर्यादा स्वतःच काढली. या संपूर्ण कहाणीत कार्ड जळण्याचा प्रश्न कुठेच नव्हता. कुलूप तेच, तिजोरी वेगळी.

आता या वादातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. फर्मवेअर बंद झाले म्हणून लोक थांबले का? नाही. त्यांनी डाग देण्याची बंदूक उचलली. शंटवर तेवढ्याच मूल्याचा दुसरा रोधक डागला की एकूण रोध निम्मा होतो, त्यावरचा विद्युतदाब निम्मा पडतो आणि कार्ड ३०० वॅट खात असताना मोजणाऱ्या चिपला १५० दिसतात. मर्यादा जागच्या जागी, मोर्तब अबाधित, फक्त मोजमापच खोटे.

दोन्ही कृत्ये तराजूत घालून पाहावीत. फर्मवेअर बदलणारा झडपेवरचे वजन बदलतो, पण दाबमापकाचा काटा खरे बोलत राहतो. आकडा पाहून त्याला माघार घेता येते आणि मूळ प्रत पाच मिनिटांत परत येते. शंट बदलणारा काटाच वाकवतो. तिथून पुढे कार्ड, मालक आणि पुढचा खरेदीदार असे तिघेही अंधारात. पहिले कृत्य अशक्य करून दुसऱ्याकडे लोकांना लोटणारे धोरण सुरक्षेच्या नावाने चालवले जावे, हा तर्कदोष आहे. रेनहिलच्या परीक्षकांना तो चटकन दिसला असता.

बंद कुलपाने सुरक्षा आपोआप येते हेही खरे नाही. जून २०१६ मध्ये एएमडीचे आरएक्स ४८० मूळ फर्मवेअरवरच मदरबोर्डच्या खाचेतून मानकापेक्षा अधिक वीज ओढताना आढळले आणि जुलैत ड्रायव्हर बदलून ते सुधारावे लागले. ऑक्टोबर २०२२ मधील आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॅट होती, जोडणी ६०० वॅटची. तरीही जोडण्या वितळल्या. कंपनीने जगभरात सुमारे ५० प्रकरणे मान्य केली आणि जोडणी पूर्ण न बसवणे हे कारण दिले. पुढे जोडणीची रचनाच सुधारण्यात आली. या दोन्ही प्रसंगांत कुणा हौशी माणसाने फर्मवेअरला हात लावला नव्हता.

हौशी माणसालाही चार शब्द सुनावणे भाग आहे. जोडणीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दीडपट झाला तर तिथली उष्णता सव्वादोनपट. स्वस्त वीजपुरवठा, जुनाट केबल आणि उचललेली मर्यादा एकत्र आली की १८३१ चा फायरमन फार दूर नसतो. शिवाय पुष्कळदा हा उपद्व्याप अनावश्यक असतो. चिपचा वीजखप विद्युतदाबाच्या वर्गावर अवलंबून आहे. तो दाब १० टक्क्यांनी उतरवला तर तेवढ्याच वेगाला सुमारे १९ टक्के वीज वाचते. २०१६ पासून एनव्हिडिया कार्डांवर वेग आणि विद्युतदाब यांचा आलेख साध्या साधनांनी हलवता येतो. मर्यादा तीच राहते, थ्रॉटलिंग हटते, पंखाही शांत होतो. तक्ता फोडण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांना ही वाट मिळमिळीत वाटते, पण थ्रॉटलिंगने गांजलेल्या बहुतेकांसाठी तीच पहिली वाट असावी.

मग रेनहिलची अट चूक होती का? मुळीच नाही. पण तिच्यापुढचा इतिहास पूर्ण वाचला पाहिजे. बॉयलरची झडप चालकाच्या हातातून काढून कुणाच्या हाती गेली? बॉयलर बनवणाऱ्या कारखान्याच्या नव्हे. भारतात १९२३ च्या बॉयलर कायद्याने ते काम सरकारी निरीक्षकाकडे सोपवले. तो प्रत्येक बॉयलर तपासून कमाल दाब ठरवी, प्रमाणपत्र देई, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येई. बॉयलर फुटला तर शेजारचे दहा जण मरतात, म्हणून समाजाने हा अधिकार घेतला. ग्राफिक्स कार्डाच्या जगात मर्यादा ठरवणारा, ती तपासणारा, तिच्यावर कुलूप घालणारा आणि त्याहून महाग कार्ड विकणारा एकच आहे. निरीक्षक नाही, अपील नाही, मर्यादेचे कारण लिहिलेला कागद नाही.

कायद्याचा कलही सर्वत्र सारखा नाही. अमेरिकेचा १९९८ चा कायदा संरक्षित कृतीवरील कुलूप तोडणे हेच दोषास्पद मानतो आणि दर तीन वर्षांनी अपवादांची यादी काढतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूवर बोट ठेवते. स्वतःच्या कार्डातील वॅटचा आकडा बदलणाऱ्याचा हेतू कुणाची कृती चोरण्याचा असतो, असे म्हणणे कठीण आहे.

मध्यम मार्ग अज्ञातही नाही. एचडी ६९५० वरची ती छोटी कळ आठवावी. एका बाजूला हात न लावता येणारे मूळ फर्मवेअर, दुसऱ्या बाजूला मालकाचे. कळ फिरवल्याची कायमची नोंद चिपमध्ये राहावी, म्हणजे हमीचा वाद उरणार नाही आणि जुने कार्ड घेणाऱ्यालाही सत्य कळेल. कार्डाचे नाव आणि ओळख मोर्तबाखाली राहू द्यावी. वीजमर्यादेचा तक्ता मोर्तबाबाहेर यावा, त्यावर जोडणीच्या मानकाइतकी कमाल चौकट घालून. बनावट कार्डांचा बंदोबस्त कायम राहतो आणि डाग देण्याच्या बंदुकीची गरज संपते.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन हौशी विकासकांनी एनव्हिडियाच्या फ्लॅश साधनातील अडथळे पार करणारी साधने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्यामुळे एका कार्डाचे मोर्तब असलेले फर्मवेअर दुसऱ्यावर चढवणे पुन्हा सुकर झाले.

दरम्यान जीटीएक्स ९७० चे काय झाले? विंडोजवर ती कार्डे अजून धावतात. लिनक्सवरील मुक्त ड्रायव्हर 'नूवो'च्या हाती मात्र त्यांचा वेग बदलण्याची किल्ली कधी आलीच नाही, कारण तो वेग हलवणाऱ्या अंतर्गत घटकाला कंपनीच्या मोर्तबाचे फर्मवेअर लागते आणि त्या पिढीसाठी ते मुक्त ड्रायव्हरला मिळाले नाही. संगणक सुरू होताना ज्या मंद वेगाने कार्ड जागे होते त्याच वेगाने ते दिवसभर चालते. २२५ वॅटची वाट मोकळी, पंखे स्वच्छ, तापमान थंड, आणि झडप हाताबाहेर.